दोरी ओढून हात गळाले, पण मशीन काही सुरू होईना!

(या भागाचं लेखी रूप. बोललेलं बहुतेक तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'हं' थोडे कमी केलेत.)

पेरणी, डवरणी, फवारणी, सगळं चालू असेल. आजचा भाग आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या प्रत्येक पोरासाठी आहे, ज्याने कधी ना कधी ग्रास कटरची, फवारणीच्या पेट्रोल पंपाची किंवा पॉवर वीडरची दोरी ओढून ओढून खांदा उतरवून घेतलाय आणि शेवटी मशीनला दोन शिव्या हासडून गाडीवर टाकून तालुक्याला नेलंय.

शहरात याच जातीचं इंजिन लॉन मोवरवर बसलेलं असतं. आपल्याकडे लॉन कुठं बघायला मिळतं? शेगावला गेलो तर बागेत, नाहीतर एखाद्या मंगल कार्यालयाच्या पुढे. आपलं लॉन म्हणजे धुऱ्यावरचं गवत, तुरीच्या दोन ओळींमधलं तण आणि शाळेचं मैदान. पण मोवर असो की खांद्याला अडकवायचा कटर, सुरू न होण्याची कारणं जवळपास तीच असतात. म्हणून एकदा डोक्यात बसलं की सगळीकडे कामाला येतं.

आता किस्सा सांगतो. माझा स्वतःचा आहे, आणि थोडा लाजिरवाणा पण आहे.

मेहकर तालुक्यात आमचं गाव. माझ्याकडे टू-स्ट्रोक ब्रश कटर आहे, सीझनमध्ये मी तो भाड्याने मारतो. तारीख होती १४ ऑगस्ट. जुलैचा शेवट आणि ऑगस्टची सुरुवात झडीत गेली होती, त्यामुळे तीन आठवडे मशीन पत्र्याच्या शेडमध्ये नुसतं उभं. त्या दिवशी सकाळी उघडीप पडली. ग्रामपंचायतीतून फोन आला, "अरे, उद्या झेंडावंदन आहे, शाळेच्या मैदानात गुडघाभर गवत वाढलंय, पोरं कुठं उभी राहतील? परवा तिथं साप निघाला म्हणतात."

म्हटलं, दोन तासांचं काम आहे. दुपारी तीनला मशीन घेऊन गेलो. दोरी ओढली. काही नाही. दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली. चौथीतली पोरं मोजायला लागली. "बत्तीस! तेहतीस!" चाळीसला मी बसलो.

तेवढ्यात आमचा एक मित्र आला. असा एक मित्र प्रत्येक गावात असतो, त्याने सगळं रीलवर पाहिलेलं असतं. म्हणे, "प्लग काढ, करंट येऊन राहिला का पाहू." प्लग काढला. चाळीस वेळा ओढून सिलेंडर ओला झालेला, थोडं पेट्रोल खाली सांडलेलं, टाकीचं टोपण उघडं. त्याने प्लग त्या उघड्या भोकाच्या अगदी जवळ धरला आणि मला म्हणाला, ओढ. मी ओढली.

भक्कन जाळ झाला. एका सेकंदाचा असेल. माझ्या हातावरचे केस जळाले, त्याची एक भुवई गेली. टाकी पेटली नाही हे नशीब. आणि चार हातांवर ती चौथीतली पोरं उभी होती.

हा भाग मी त्या एका सेकंदामुळे करतोय. मशीन सुरू न होणं ही छोटी गोष्ट आहे हो, ते सुरू करताना आपण काय करून बसतो ती मोठी गोष्ट आहे.

मग आले मामा. आमच्या गावच्या पाणीपुरवठ्याची मोटर बघतात. वय साठीच्या पुढे, हातात पान्हा आणि डोक्यात अख्खं इंजिन. त्यांनी आधी पोरांना लांब पाठवलं. मग मला म्हणाले, "काऊन गा, दोरी ओढून मशीन ऐकते का? आधी तिले विचार, तुले काय पाहिजे म्हणून."

तर मशीनला काय पाहिजे असतं? चारच गोष्टी. हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात आत जायला हवं, पिस्टनने ते दाबायला हवं, आणि बरोबर वेळी प्लगने ठिणगी टाकायला हवी. या चारांतलं एक जरी गायब असेल तर तुम्ही संध्याकाळपर्यंत दोरी ओढा, काही होत नाही. आणि चारही असतील तर इंजिनला सुरू न होण्याचं कारणच उरत नाही. म्हणजे आपलं काम काय? चारांपैकी कोण गैरहजर आहे ते शोधायचं. हजेरी घ्यायची, एकेकाची.

मशीन समोर असेल तर पॉज करत करत ऐका.

पहिलं, पान्हा हातात घ्यायच्या आधी.

बंद करायचं बटण बघा. हसू नका. कटरच्या दांडीवर जो स्विच असतो, तो 'बंद'वर असताना ठिणगी पडतच नाही, त्याचं कामच ते आहे. मशीन गाडीवर टाकताना, उतरवताना तो दाबला जातो. मी एका गिऱ्हाइकाकडे पंधरा मिनिटं घाम गाळलाय आणि त्यांच्या आजीने विचारलं, "बापू, हे लाल बटण कायचं हाय?" आजीला दंडवत.

मग सुरू करायची पद्धत. थंड मशीन असेल तर असं करा. कार्बोरेटरखाली जो पारदर्शक रबरी फुगा असतो तो सात-आठ वेळा दाबा, त्यात पेट्रोल दिसायला लागेपर्यंत. चोक बंद करा. दोरी ओढा. तीन-चार ओढीत इंजिन एकदा 'फट्' करेल आणि बंद पडेल. इथंच सगळे चुकतात! तो 'फट्' म्हणजे इंजिन सांगतंय की पेट्रोल पोहोचलं, आता चोक उघडा. चोक उघडायचा आणि मग ओढायचं. आपण तो आवाज ऐकत नाही, चोक बंद ठेवूनच ओढत राहतो, आणि आत पेट्रोलचा पूर येतो. गरम मशीनला तर बहुतेक वेळा चोक लागतच नाही.

पूर आलाच असेल तर काय करायचं? प्लगची टोपी काढा, प्लग काढा, कोरड्या फडक्याने पुसा. चोक उघडा. स्विच बंद ठेवून, प्लग बाहेर असताना सात-आठ वेळा दोरी ओढा, म्हणजे आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर पडतं. तोंड त्या भोकासमोर नको, पेट्रोल पिचकारीसारखं उडतं. दहा मिनिटं उघडं राहू द्या. मग प्लग लावून, चोक उघडा ठेवून सुरू करा.

एवढ्यावर निम्मी मशीन सुरू होतात. नाही झालं तर पुढे चला.

आता प्लग. मामा म्हणतात प्लग म्हणजे इंजिनची जीभ. डॉक्टर जीभ बघतो ना, तसं.

प्लग काढला आणि तो एकदम कोरडा आहे, वासही नाही, तर पेट्रोल आतपर्यंत पोहोचतच नाहीये. प्लग ओला आहे, तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. प्लग काळाकुट्ट, काजळी धरलेला, तर एकतर ऑइल जास्त पडतंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. फिकट तपकिरी, विटकरीच्या जवळचा रंग असेल तर प्लगची तब्येत चांगली आहे.

काजळी असेल तर पितळी ब्रशने किंवा जुन्या दातांच्या ब्रशला थोडं पेट्रोल लावून साफ करा. टोकाची फट बघा. या लहान इंजिनांना साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागते. गेज नसेल तर दोन व्हिजिटिंग कार्ड एकावर एक ठेवून अंदाज येतो, नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो. आणि खरं सांगू? प्लग स्वस्त असतो. पेटीत एक नवा कायम ठेवा. शंका आली की बदलून बघा, तपासणी आपोआप होते.

आता ठिणगीची तपासणी. इथं माझी भुवई वाचली, मित्राची गेली, म्हणून नीट ऐका.

एक, टाकीचं टोपण घट्ट लावा. दोन, सांडलेलं पेट्रोल पुसा आणि मशीन उचलून दुसऱ्या जागी न्या, मोकळ्या हवेत. तीन, प्लगच्या भोकात कोरडं फडकं अडकवा म्हणजे आतली वाफ बाहेर येणार नाही. चार, प्लग टोपीत बसवा आणि त्याचे आटे इंजिनच्या धातूला टेकवा, पण भोकापासून जितकं लांब जाईल तितकं लांब. धरायचं ते रबरी टोपीला किंवा इन्सुलेशनच्या पकडीने, धातूला बोट लावायचं नाही, नाहीतर असा झटका बसेल की आठवण राहील. पाच, आता फडक्याला धक्का न लावता, सावलीत, स्विच चालू करून दोरी ओढा. निळी, कडक ठिणगी दिसली की झालं. पिवळी, मरतुकडी किंवा काहीच नाही, तर नव्या प्लगने परत बघा.

नव्या प्लगनेही ठिणगी नाही? मग स्विचची वायर तपासा. कॉइलपासून स्विचकडे एक बारीक वायर जाते. ती दांडीवर घासून सोलली आणि धातूला टेकली की मशीनला वाटतं बटण 'बंद' आहे. ती वायर कॉइलजवळ तात्पुरती सोडवून बघा. ठिणगी आली, तर कॉइल चांगली आहे, दोष वायरमध्ये किंवा स्विचमध्ये. वीस-तीस रुपयांचं काम. कितीतरी पोरं इथं थेट नवी कॉइल घालून मोकळी होतात. फक्त एक लक्षात ठेवा, वायर सोडवलेल्या मशीनला बटणाने बंद करता येत नाही, म्हणून ही फक्त तपासणी आहे, तसं मशीन चालवायचं नाही.

तिसरी हजेरी, दाब. म्हणजे कॉम्प्रेशन.

दोरी हळूहळू ओढा. मध्ये एका जागी ती अडते, जोर लावावा लागतो, बरोबर? तो दाब. दोरी जर लोण्यातून ओढल्यासारखी सुळकन आली, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, किंवा सिलेंडरवर चरे पडलेत, किंवा प्लगच सैल आहे. जुन्या मिस्त्रींची एक युक्ती आहे. स्विच बंद करून दोरीच्या मुठीला धरून इंजिन जमिनीपासून थोडं वर उचलायचं. लहान, हलक्या मशीनचंच हं! ते लोंबकळत राहिलं किंवा टप्प्याटप्प्याने हळू खाली आलं तर दाब आहे. धाडकन खाली आलं तर दाब गेलाय. तसं असेल तर घरी खोलत बसू नका, तिथून पुढे मिस्त्रीचं काम.

दाब का जातो, तर बहुतेक वेळा ऑइलमुळे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच सगळ्या आतल्या भागांना वंगण देतं. २५ला १ प्रमाण असेल तर १ लिटर पेट्रोलला ४० मिली, ५०ला १ असेल तर २० मिली. तुमच्या मशीनचं कोणतं, ते टोपणावर किंवा पुस्तिकेत बघा. "अंदाजे टाक रे एक झाकण" असं करू नका. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त पडलं तर काजळी धरते आणि सायलेन्सरची जाळी तुंबते. मेडिकलमधून औषधाची एक मोठी सिरिंज आणा, दहा-वीस रुपयांत माप मिळतं.

आणि फोर-स्ट्रोक असेल तर उलट. पेट्रोल साधं, ऑइल खालच्या भागात वेगळं. त्याची पातळी रोज बघायची. भाड्याने मशीन आणली असेल तर सगळ्यात आधी विचारा, "भाऊ, टू आहे की फोर?" टू-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल टाकून एक तास चालवलं की इंजिनच्या तेराव्याची तयारी करायची.

चौथी हजेरी, हवा. एअर फिल्टरचं झाकण काढा. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि वाळलेल्या गवताचा भुसा मिळून तिथं गादी तयार होते. स्पंजचा फिल्टर असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, दोन थेंब ऑइल लावून पिळा, परत बसवा. कागदी असेल तर धुवायचा नाही, हलकं झटकायचं, नाहीतर नवा. तपासताना फिल्टर काढून सुरू करून बघू शकता. सुरू झालं तर चोर सापडला. पण फिल्टरशिवाय कामाला लावू नका, ती धूळ आत जाऊन सिलेंडर घासते.

हवा आत जाणं जितकं महत्त्वाचं, तितकंच धूर बाहेर जाणं. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काजळीने बंद होते. मग मशीन सुरू होतं, पण दम धरत नाही, रेस दिली की बसतं. जाळी काढून ब्रशने साफ करा, मशीन गार झाल्यावर.

बरं. आता परत शाळेच्या मैदानात.

मामांनी हजेरी घेतली. स्विच चालू. दोरीला दाब चांगला. फिल्टर साफ. ठिणगी, या वेळी नीट पद्धतीने बघितली, निळी कडक. आणि प्लग? ओला. म्हणजे पेट्रोल येत होतं, ठिणगी होती, हवा होती, दाब होता. चारही हजर! तरी मशीन सुरू नाही.

मी म्हटलं, "मामा, आता तर कार्बोरेटरच बदलावं लागेल." खरं सांगतो, एका दुकानात मला फोनवर हेच सांगितलं होतं, मशीन न बघता. मामा हसले. म्हणाले, "पेट्रोल येऊन राहिलं म्हणतोस. पण जे येऊन राहिलं, ते पेट्रोलच आहे का?"

त्यांनी एक काचेची स्वच्छ बाटली मागवली. टाकीतलं सगळं त्यात ओतलं आणि पायरीवर ठेवलं. पाच-सात मिनिटांनी बघतो तर बाटलीत दोन थर! वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल आणि खाली बोटभर फिकट, ढगाळ पाणी.

आता हे समजून घ्या, कारण हे आपल्या सगळ्यांच्या टाकीत होऊ शकतं. भारतात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई-२०, फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीला सुरू झालं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच नेहमीचं झालं. इथेनॉल उसापासून होतं, मक्यापासूनही होतं, म्हणजे आपल्या मोताळा-मलकापूरकडची मका पण त्यात असू शकते. त्यात वाईट काही नाही. पण इथेनॉलचा एक स्वभाव आहे, त्याला पाणी आवडतं. थोडं पाणी असलं तर ते पोटात घेऊन पेट्रोलमध्ये मिसळून राहतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्यासोबत तळाशी जाऊन बसतं.

आणि तुमच्या टाकीतली नळी पेट्रोल कुठून उचलते? तळाशी. म्हणजे टाकी अर्धी भरलेली, वास पेट्रोलचा, प्लग ओला, पण इंजिनला मिळतंय ते पाणी आणि इथेनॉल. त्याहून वाईट म्हणजे ऑइल राहतं वरच्या पेट्रोलसोबत. चुकून मशीन सुरू झालंच तर ते बिनऑइलचं चालतं आणि पिस्टन जातो. सुरू झालं नाही ते बरंच झालं म्हणायचं.

माझ्या टाकीत पाणी आलं कुठून? टोपण नीट बसलेलं नव्हतं, आणि वर पत्र्याला भोक. तीन आठवडे झडीचं पाणी टिप टिप टिप.

मग काय केलं? टाकी पूर्ण रिकामी केली. थोडं ताजं पेट्रोल टाकून हलवून तेही ओतून दिलं. टाकीत नळीच्या टोकाला एक छोटा फिल्टर असतो, तो वाकवलेल्या तारेने बाहेर ओढला, चिखलाने भरला होता, साफ केला. मित्राला गाडीवर पंपावर पाठवून ताजं पेट्रोल आणलं, मापात ऑइल मिसळलं. फुगा पंधरा-वीस वेळा दाबून नळीतलं जुनं पाणी फिरवून टाकीत आणलं, ते पण ओतलं, आणि परत ताजं भरलं. प्लग पुसून लावला. चोक. ओढ. ओढ. ओढ. फट्! चोक उघडला. ओढ.

घर्रर्र! पोरांनी काय शिट्ट्या मारल्या म्हणता!

तेव्हा साडेपाच वाजले होते. मामांनी अजून एक नियम घातला, अंधार पडला की मशीन बंद. पातं फिरताना दिसत नाही, दगड उडतो. त्यामुळे झेंड्याच्या खांबाभोवतीची जागा, कवायतीची जागा आणि फाटकापासूनची वाट एवढंच झालं. उरलेल्या कडा गावातल्या बायांनी सकाळी सहाला विळे घेऊन साफ केल्या. साडेसातला झेंडा लागला. माझ्या हाताला बर्नॉल, मित्राला एक भुवई, पण पोरं साफ मैदानात उभी होती.

आता पटकन लक्षणांवरून निदान, स्क्रीनशॉट काढायचा असेल तर इथला काढा.

सुरू होतं, पाच मिनिटांत बंद पडतं, थोड्या वेळाने परत सुरू होतं: टाकीच्या टोपणातलं हवेचं भोक तुंबलंय. टोपण जरा सैल करून बघा. सुरू राहिलं तर तेच. भोक साफ करा, मशीन सैल टोपणाने चालवू नका.

प्लग कोरडा, फुग्यात पेट्रोल येतच नाही: टाकीतला फिल्टर, कडक झालेली किंवा चिरलेली नळी, किंवा फुगाच फाटलाय.

चोक बंद असतानाच चालतं, उघडला की मरतं: पेट्रोल कमी पडतंय. बहुतेक कार्बोरेटरमध्ये घाण, किंवा त्यातला पातळ रबरी पडदा कडक झालाय. पडद्याचा किट वेगळा मिळतो, अख्खा कार्बोरेटर बदलायची गरज नसते. जेटमध्ये लोखंडी तार खुपसू नका, भोक मोठं होतं. आणि बाजूचे स्क्रू उगाच फिरवू नका. फिरवलेच तर आधी किती आटे होते ते मोजून मोबाईलवर लिहून ठेवा.

मोवरचं पातं दगडावर जोरात आदळलं आणि मग सुरू होईना: फ्लायव्हीलची छोटी चावी तुटून ठिणगीची वेळ हुकलेली असू शकते. मिस्त्रीकडे न्या आणि "दगड लागला होता" हे सांगा, लपवू नका. त्याचा अर्धा तास वाचतो, तुमचे पैसे.

आणि सीझन संपल्यावर काय? टाकी रिकामी करा. मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर पण रिकामा. फिल्टर धुवा, टोपण घट्ट, कोरड्या जागी ठेवा. मिसळलेलं पेट्रोल एक महिन्याहून जास्त ठेवू नका. आठवड्याला लागेल तेवढंच आणा. पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, कोणी पोरगं पाणी समजून तोंडाला लावेल, याच्याएवढी वाईट गोष्ट नाही. बऱ्याच लहान इंजिनांच्या पुस्तिकेत इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, म्हणून जुन्या मशीनच्या रबरी नळ्या दर सीझनला बोटांनी दाबून बघा. चिकट किंवा फुगलेल्या लागल्या तर बदला. आणि खराब पेट्रोल नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका, पेटवून तर अजिबात बघू नका. धातूच्या डब्यात चिठ्ठी लावून ठेवा आणि गॅरेजवाल्याला द्या.

दोन नियम शेवटी, हे मशीन सुरू झाल्यावरचे. पात्याला हात लावायच्या आधी प्लगची टोपी काढायची, कितीही घाई असो. आणि कटर चालू असताना १५ मीटरच्या आत कोणी नको. पोरं नकोत, बकरी नको, आणि व्हिडिओ काढणारा मित्र तर नकोच. डोळ्यांना चष्मा, पायात बूट. आपल्या वावरात दगड किती आहेत हे मी सांगायला नको.

ती काचेची बाटली मी अजून ठेवलीय. प्रत्येक सीझनला पहिल्यांदा टाकी भरायच्या आधी पेट्रोल त्यात ओतून दहा मिनिटं बघतो. घरचे हसतात, म्हणतात पेट्रोल आहे की तीर्थ? हसू द्या.

एवढंच होतं आजचं. तुमच्या गावात पण असा एखादा मामा असेल. त्याच्याकडे मशीन बिघडल्यावरच जाऊ नका, चांगली असताना पण जाऊन बसा, चहा पाजा, शिकून घ्या. आणि हा भाग त्या मित्राला नक्की पाठवा, ज्याला प्लग काढायची फार हौस आहे. त्याची भुवई वाचेल.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर दोरी कमी ओढा, आधी हजेरी घ्या. राम राम!